काळजाची काळजी
(द्वितीय वर्ष, कला)

'काळीज' हा शब्द आपण मराठीत किती तऱ्हांनी वापरतो! लेक सासरी निघाली की आईचे काळीज तुटते, शूराला वाघाचे काळीज असते. या सर्व ठिकाणी आपल्या मनात हृदय असते. परंतु मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर दुकानदार यकृत देतो. भाषेने ज्या अवयवाला एवढा मान दिला, त्याची खरी माहिती मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच असते. मी कला शाखेची विद्यार्थिनी, डॉक्टर नव्हे. पण आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे वाडीत कोणाचा औषधाचा कागद वाचायचा असला की तो माझ्याकडे येतो. त्या निमित्ताने जे वाचले व विचारून घेतले, ते येथे मांडते.

यकृत उजव्या बरगड्यांच्या आड असते. त्याचे वजन सव्वा ते दीड किलो. आतड्यातून अन्नरस घेऊन निघालेले रक्त प्रथम यकृतात जाते व मग शरीरभर फिरते. यकृत त्यातली साखर साठवते व उपाशीपोटी पुरवते, जखमेतील रक्त गोठविणारे पदार्थ बनवते, स्निग्ध अन्न पचविणारे पित्त तयार करते, दारू व औषधे यांचे विघटन करते. जुन्या तांबड्या पेशी मोडल्यावर उरणारे पिवळे द्रव्य बाहेर टाकण्याचे कामही त्याचेच. ते काम अडले की डोळे व लघवी पिवळी होते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे; मूळ रोग निराळा असू शकतो.

यकृताचा मोठा गुण असा की, त्याचा काही भाग कापून काढला तरी ते पुन्हा वाढते. म्हणूनच जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला देऊ शकतो. पण हाच सोशिकपणा घातक ठरतो. बराच बिघाड होईपर्यंत ते दुखत नाही, आणि तक्रार करते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून रोजच्या सवयींकडे पाहावयास हवे.

पहिली गोष्ट पाण्याची. चिपळूणकरांना पाण्याचे भय वेगळे सांगावयास नको. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. पूर ओसरतो, पण मैलापाणी मिसळलेल्या विहिरी आणि टाक्या मागे राहतात. हिपॅटायटिस ए आणि ई हे काविळीचे विषाणू अशाच पाण्यातून पसरतात. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला, नाल्याचे पाणी शहराच्या पाणीपुरवठ्यात शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीचे जपून ठेवलेले रक्तनमुने पुण्याच्या व अमेरिकेच्या संशोधकांनी तपासले आणि हा विषाणू ए किंवा बी नव्हे, हे १९८० मध्ये दाखविले. त्यालाच आज ई म्हणतात. महाराष्ट्रात २०१२ साली इचलकरंजीला याच विषाणूची मोठी साथ आली. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग जिवावर बेतू शकतो. उपाय मात्र साधा आहे: पावसाळ्यात पाणी उकळून प्यावे, विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी, शौचाहून आल्यावर व स्वयंपाकापूर्वी साबणाने हात धुवावेत.

लावणीच्या दिवसांत आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे लेप्टो. उंदरांच्या व गुरांच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे. रोग वाढला तर यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतात. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये किंवा ती नीट झाकावी, आणि ताप आल्यास 'शेतात काम करतो' हे डॉक्टरांना न विसरता सांगावे.

दुसरी गोष्ट दारूची. हातभट्टीची वाईट, पण काजूची किंवा विलायती चांगली, असे पुष्कळजण म्हणतात. हातभट्टीत विषारी मिथेनॉलचे भय असते हे खरे; परंतु यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. सर्व दारूंत अल्कोहोल तेच. प्रथम यकृतात चरबी साचते, मग दाह होतो, शेवटी ते कठीण व गाठाळ होते, पोटात पाणी भरते. पहिल्या पायरीवर दारू सोडली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. शेवटच्या पायरीवर तसे होत नाही. शिमग्याला आणि हळदीला पाजण्याचा आग्रह करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मात्र रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावी.

तिसरी गोष्ट ताटाची. दारूला न शिवणाऱ्यांच्या यकृतातही आता चरबी आढळते. गोड चहा, बिस्किटे, वेफर, थंड पेये वाढली, चालणे आटले. वाडीतून स्टँडपर्यंत आपले आजोबा चालत जात, आपण रिक्षाची वाट पाहतो. वजन जास्त असेल तर ते हळूहळू सात ते दहा टक्के कमी केल्याने ही चरबी व दाह पुष्कळ उतरतो. त्यासाठी महागडी पावडर नको. नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, भाजी, मासळीचे कालवण आणि आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास झपाझप चालणे, एवढे पुष्कळ आहे.

हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून पसरतात. म्हणून सलूनमध्ये नवे ब्लेड मागावे, जत्रेत उघड्या सुईने गोंदवून घेऊ नये. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बी ची लस टोचून घ्यावी. पॅरासिटामॉल प्रमाणातच घ्यावे. 'झाडपाल्याने अपाय होत नाही' हा समजही सोडावा. काही वनस्पतींनीही यकृताला सूज येते.

आता थोडे कटू. आमच्या वाडीत कावीळ झाली की अजूनही ती 'उतरवायला' नेतात. चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळे होते, आणि कावीळ उतरली असे सर्व मानतात. वास्तविक हाताला आंब्याच्या सालीचा रस लागलेला असला तर निरोग्याच्या हातानेही ते पिवळेच होते. मग रोगी बरे का होतात? कारण ए आणि ई ची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते; श्रेय उतरवणाऱ्याला मिळते. पण ज्याची कावीळ लेप्टोची, पित्ताच्या खड्याची किंवा दारूची आहे, त्याचे मोलाचे दिवस यात जातात. आमच्या शेजारच्या एका काकांचे असेच पंधरा दिवस गेले. दवाखान्यात नेले तेव्हा पोटात पाणी झाले होते. त्यांची मुलगी माझ्याबरोबर शाळेत होती. तिचे शिक्षण त्याच वर्षी सुटले.

तसेच, हळद पिवळी म्हणून काविळीत वर्ज्य करतात, यालाही आधार नाही. आणि उसाचा रस औषध म्हणून पाजताना त्यातला बर्फ कोणत्या पाण्याचा, हे कोणी विचारत नाही.

वाचकहो, या लेखात नवा शोध काही नाही. डोळे पिवळे दिसले तर प्रथम रक्त तपासून घ्यावे, गुंगी किंवा रक्तस्राव दिसला तर क्षणाचाही विलंब लावू नये, एवढे जरी आपण आपापल्या वाडीत जाऊन सांगितले तरी पुष्कळ होईल. ज्यांच्या घरी हे मासिक वाचता येणारे आपण एकटेच आहोत, त्यांनी तर ते मोठ्याने वाचून दाखवावे.