मित्र बघत असले की पोरं अशी का वागतात?

प्रश्न : आमचा मुलगा मोहोळला बारावीत आहे. एकटा असला की गाडी जपून चालवतो, पण मागं दोन मित्र बसले की सुसाट सुटतो. शेवटचा पेपर झाला की सीना नदीच्या बंधाऱ्यावरून सूर मारायची तर या पोरांची रीतच पडली आहे. यांना धोका कळत नाही का?
– एक पालक, मोहोळ

उत्तर : कळतो, चांगला कळतो. सोळा-सतराव्या वर्षी धोक्याची जाण मोठ्यांपेक्षा फारशी कमी नसते. घोळ होतो तो बघणारे जमले की. अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली ३०६ जणांना गाडी चालवायचा संगणकावरचा खेळ दिला. सिग्नल पिवळा झाला. थांबायचं की रेटायचं? एकटी असताना पोरं मोठ्यांइतकीच सांभाळून खेळली. मित्र शेजारी येताच १३ ते १६ वयाच्या मुलांनी जवळपास दुप्पट धोका पत्करला. चोविशी ओलांडलेल्यांवर मात्र मित्रांचा परिणाम झाला नाही. पोरवयात मित्रांची वाहवा मिळवण्याची ओढच इतकी जबर असते.

बंधाऱ्याची मला जास्त काळजी वाटते. पेपर संपतात मार्चच्या सुमारास, तेव्हा पाणी उतरलेलं असतं. पावसाळ्यात जिथं डोह होता तिथं गाळ बसलेला असू शकतो आणि गढूळ पाण्यात तळ दिसत नाही. डोकं खाली करून सूर मारला आणि तळ लागला, तर मानेचा मणका मोडतो. मज्जारज्जू तुटला तर मानेखालचं शरीर जन्मभरासाठी लुळं पडतं. पट्टीच्या पोहणाऱ्याचंही तिथं काही चालत नाही.

गाडीचं म्हणाल, तर अठराच्या आतल्या मुलानं गुन्हा केला की २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. पोलीस भरतीची स्वप्नं बघणाऱ्या आपल्या भागातल्या पोरांनी हेही ध्यानात घ्यावं, की मित्रांसमोर मिरवायला वाढदिवसाला तलवारीनं केक कापला आणि त्याचा गुन्हा नोंदला गेला तर तो चारित्र्य पडताळणीत पुढं येतो.

म्हणून लायसन्स नसेल तर चावी देऊच नका. असेल तर नुसतं ‘हळू जा’ म्हणून भागणार नाही. मागं कुणाला बसवायचं नाही, हे बजावून सांगा. आणि शेवटच्या पेपरला स्वतः कॉलेजच्या फाटकाशी जा, त्याच्या सगळ्या दोस्तांना घरी जेवायला घेऊन या.