बारबेल आणि नवशिक्याची ताकद

व्यायामशाळेत नव्याने येणारा विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच विचारतो, "माझ्या वजनाच्या माणसाला किती उचलता आले पाहिजे?" प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र बहुधा शेजारच्या तयार गड्याकडे बोट दाखवून दिले जाते. मग कोणी न झेपणारे वजन घेऊन कंबर धरून बसतो, तर कोणी 'हे आपले काम नव्हे' म्हणून महिन्याभरात येणेच सोडतो. वस्तुतः या प्रश्नाला बरेचसे नेमके उत्तर देता येते. फक्त ते कसे वापरायचे हे ठाऊक असावे लागते.

बारबेलचे मुख्य व्यायाम चार. खांद्यांवर बार घेऊन बैठक मारणे म्हणजे स्क्वॉट, बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलणे म्हणजे बेंच प्रेस, जमिनीवरचा बार हातांत धरून ताठ उभे राहणे ही डेडलिफ्ट आणि उभ्याने खांद्यापासून डोक्यावर बार नेणे ही प्रेस. तीन ते सहा महिने नियमित व्यायाम केलेल्या निरोगी तरुणाला एका खेपेस स्क्वॉटमध्ये स्वतःच्या वजनाच्या एक ते सव्वापट, डेडलिफ्टमध्ये सव्वा ते दीडपट, बेंच प्रेसमध्ये पाऊण ते एकपट आणि प्रेसमध्ये निम्मे वजन उचलता यावे, असा ढोबळ संकेत आहे. विद्यार्थिनींसाठी हेच प्रमाण स्क्वॉटला पाऊणपट, डेडलिफ्टला एकपट, बेंचला निम्मे व प्रेसला एकतृतीयांश असे धरतात. म्हणजे ६० किलोच्या विद्यार्थ्याचा स्क्वॉट ६० ते ७५ किलो आणि प्रेस ३० किलोच्या आसपास.

हा 'पटी'चा हिशेब सोयीचा खरा, पण न्याय्य नव्हे. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात रौप्यपदक मिळवताना १३५ किलो वजन डोक्यावर नेले, म्हणजे जवळजवळ अडीचपट. त्याच्या आदल्या वर्षी टोकियोला जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने त्याच प्रकारात २६५ किलो उचलले. पण स्वतःचे वजन १७५ किलोंहून अधिक असल्याने त्याची पट दीडच्या आसपासच राहिली. म्हणून काही तो दुबळा ठरत नाही! स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे क्षेत्रफळावर अवलंबून असते, तर शरीराचे वजन घनफळाबरोबर वाढते. त्यामुळे वजन दीडपट झाले तरी ताकद साधारण १.३१ पटच वाढते. ६० किलोचा विद्यार्थी ७५ किलोचा स्क्वॉट करीत असेल, तर ९० किलोच्या त्याच्या मित्राची बरोबरी ११२ किलोंवर नव्हे, ९८ किलोंवरच होते. आपल्या वर्गातल्या धिप्पाड मित्राला पटीवरून चिडवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता मोजमापाचे पाहू, कारण खरी गफलत इथेच होते. स्पर्धेचा पुरुषांचा बार २० किलोंचा व स्त्रियांचा १५ किलोंचा असतो. आपल्याकडच्या व्यायामशाळांत ज्याला 'रॉड' म्हणतात तो कधी आठ किलोंचा निघतो, कधी बारा. तो एकदा काट्यावर ठेवून वजन करावा आणि त्यावर रंगाने आकडा लिहावा. डेडलिफ्टमध्ये प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर धरलेला असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटर उंच राहतो. प्लेटा लहान असतील तर खाली लाकडी ठोकळे घालून ती उंची आणावी. नाहीतर आपण फुकट जास्त वाकतो.

स्क्वॉटमध्ये मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या कडेखाली गेला तरच ती बैठक पुरी. जोर-बैठका काढणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही. पुस्तकातली चित्रे पाहून शिकलेल्यांना लागते. ८० किलो घेऊन गुडघे नुसते वाकवण्यापेक्षा ५० किलोंची पुरी बैठक अधिक मोलाची. बेंच प्रेसमध्ये बार छातीला टेकला पाहिजे आणि उशाशी जोडीदार उभा असलाच पाहिजे. प्रेसमध्ये मागे किती रेलावे यावर पंचांचेही एकमत होईना, इतके की १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर तो प्रकार स्पर्धेतूनच काढून टाकला.

कमाल वजनाचा प्रयोग नवशिक्याने करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची गरजही नाही. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे प्रशिक्षक बॉइड एप्ली यांच्या सूत्रानुसार जितक्या वेळा वजन उचलले त्या संख्येला ३० ने भागून त्यात १ मिळवावा व त्याने वजनाला गुणावे. ५० किलो पाच वेळा जमले, तर कमाल सुमारे ५८ किलो.

सुरुवात रिकाम्या बारने करावी. आठवड्यातून तीन दिवस आणि दर खेपेस अडीच किलो वाढ, या बेताने २० वरून ६० किलोंचा स्क्वॉट १६ खेपांत, म्हणजे सहा आठवड्यांच्या आत येतो. ही वाढ पाहून कोणी हुरळून जाऊ नये. मोरितानी आणि डीव्ह्रीज यांनी १९७९ साली दाखवून दिले, की सुरुवातीची वाढ बव्हंशी मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते; स्नायू मागाहून भरतात. याच गतीने वर्षभर गेलो तर ४१० किलोंचा स्क्वॉट व्हायला हवा! तसे कोणाचेच होत नाही. खेपेगणिक वाढ होत आहे तोवर माणूस नवशिका, आणि ती थांबली की पुढच्या इयत्तेत गेला. तक्त्यातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला ही खूण अधिक विश्वासाची वाटते.

सर्वांत आधी अडते ती प्रेस. सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची, म्हणून वाढ अडीच किलोंहून कमी करता येत नाही. ६० किलोंच्या स्क्वॉटला ती चार टक्के होते. २५ किलोंच्या प्रेसला दहा टक्के. विद्यार्थिनींना तर हा जाच पहिल्याच महिन्यात होतो आणि दोष त्यांच्या हातांना दिला जातो. अर्ध्या अर्ध्या किलोच्या दोन चकत्या लेथवर कापून घेतल्या तर वाढ एका किलोवर येते. व्यायामशाळेच्या पुढच्या खरेदीच्या यादीत नव्या यंत्राच्या आधी या चकत्यांची एक जोडी घालावी.