माणूस सुटतो, गाडी अडकते

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही दोघे मित्र मोटारसायकलने नेपाळला निघालो आहोत. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही. मग गाडीला मात्र वेगळा कागद आणि दिवसाचे पैसे कशासाठी? – एक वाचक, सांगली

उत्तर : कारण सीमेवर तुम्ही पाहुणे आणि तुमची गाडी माल. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे आपलं जाणं-येणं मोकळं आहे, रस्त्याने जाताना मतदार ओळखपत्रही चालतं. गाडीला तो करार लागू नाही. नेपाळमध्ये वाहनांवर आयात कर जबर आहे आणि आपल्याकडचीच मोटारसायकल तिथे कितीतरी महाग पडते. उद्या पोखऱ्यात गाडी विकून तुम्ही बसने परत आलात, तर तो सगळा कर बुडाला. तुम्ही तसं करणार नाही हो, पण खिडकीमागच्या कारकुनाला ते कुठून कळणार? म्हणून तो पैसे घेऊन ठराविक दिवसांची पावती देतो. नेपाळी कस्टमला म्हणतात भन्सार, आणि त्या पावतीलाही सगळे भन्सारच म्हणतात.

गंमत अशी की उत्तर प्रदेशातल्या सोनौलीला कमान ओलांडताना तुम्हाला बहुधा कोणी अडवणारच नाही. सायकली, रिक्षा, डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं, सगळा लोंढा सरळ पलीकडे जात असतो. त्याच्याबरोबर वाहत गेलात की भन्सारचं कार्यालय मागे राहतं आणि पुढे कुठेतरी पोलीस पावती मागतो. मग दंड, नाहीतर गाडी जप्त. तेव्हा कमान ओलांडल्यावर आधी कार्यालय शोधा, चहा नंतर. आरसी आणि लायसन्स अस्सल ठेवा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र घ्या.

पावतीवर विक्रम संवताची तारीख असते. वर्ष आपल्यापेक्षा ५६-५७ने पुढचं, महिनेही वेगळे. मुदत कुठल्या इंग्रजी तारखेला संपते ते तिथेच विचारून मोबाइलमध्ये टिपून ठेवा. दिवस मोजतानाही हात आखडू नका. नारायणगढ-मुगलिन रस्त्यावर पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक खोळंबते. तुम्ही दिवाळीनंतर जाताय हे उत्तम, तरी दोन दिवस जास्तीचे घ्या. हिशेब करायचा तर शंभर भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. जास्तीच्या दिवसांचे पैसे मुदत उलटल्यावरच्या दंडापुढे काहीच नाहीत. भारतीय गाडीला तिथल्या एका आर्थिक वर्षात एकूण ३० दिवस मिळतात, आणि ते वर्ष जुलैच्या मध्याला सुरू होतं.

गाडी परदेशात विकली जाऊन कर बुडेल, या भीतीचा मोठा अवतार म्हणजे कार्ने. लांबच्या प्रवासाला निघणारे त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात, पण मला ते जामीनपत्र वाटतं. गाडीच्या किमतीच्या हिशेबाने तुम्ही ऑटोमोबाइल असोसिएशनकडे हमी ठेवायची (मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते), मग वर्षभर चालणारं पुस्तक मिळतं. देशातल्या एका प्रवेशाला एक पान. गाडी आत आली की एक शिक्का, बाहेर पडली की दुसरा. खरी किंमत या दुसऱ्या शिक्क्याला. तो राहिला तर त्या देशाच्या लेखी तुमची गाडी अजून तिथेच आहे. ते असोसिएशनकडे कर मागतात आणि असोसिएशन तुमच्या हमीला हात घालते. खासगी गाड्यांच्या अशा तात्पुरत्या आयातीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९५४ चा आहे. इराणला कार्ने लागतं आणि परदेशी दुचाकीस्वार आपल्याकडे येतो तेव्हा आपणही मागतो, त्यामुळे नेपाळवर रुसण्यात अर्थ नाही. चीनची तऱ्हा आणखी निराळी : तिथे तात्पुरती नंबरप्लेट, तात्पुरतं लायसन्स आणि सोबत त्यांचा गाइड. पश्चिमेकडे तर भारताने एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तान सीमेवरचं अटारीचं ठाणं बंद केलं, तेव्हापासून कागद असूनही उपयोग नाही. नेपाळला मात्र तुम्हाला कार्नेची गरज नाही, भन्सार पुरे.

तुम्ही विचारलं नाही, पण विम्याचं बघा. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीत संपते. थोडा जादा हप्ता भरून तिच्यात नेपाळचा समावेश करून घेता येतो, आणि ती नोंद पॉलिसीवर लेखी हवी. एजंट तोंडी ‘चालतं हो साहेब’ म्हणाला तर ऐकू नका. हे काम सांगलीतच उरका. सोनौलीला पोहोचल्यावर ते होणार नाही.