रायन कायाब्याब यांचीं संगीत नाटकें

फिलिपाइन बेटांच्या राजधानींत, मनिला येथें, १९८० सालीं "रामा, हारि" नांवाचें संगीत नृत्यनाटक रंगभूमीवर आलें. नांव ऐकतांच आपल्याकडील मनुष्यास तें नामस्मरण वाटेल. परंतु तेथील तागालोग भाषेंत "हारि" ह्याचा अर्थ राजा. राजा राम, एवढेंच त्या नांवांत आहे. ह्या नाटकास संगीत देणारे रायन कायाब्याब त्या वेळीं अवघ्या पंचविशीचे होते. त्यांच्या नाट्यसंगीताविषयीं आम्ही येथें थोडें सांगूं इच्छितों.

कायाब्याब यांचा जन्म १९५४ चा. त्यांची आई ऑपेरांत गात असे. गाण्यावर घर चालविणें किती कठीण, हें तिनें भोगलें होतें. म्हणून आपल्या मुलांपैकीं कोणीं संगीताचा पेशा पत्करूं नये, अशी तिची अखेरची इच्छा होती. ती वारली तेव्हां हा मुलगा सहा वर्षांचा होता. मोठेपणीं त्यानें ती इच्छा मानिली व विद्यापीठांत हिशेबशास्त्राचा अभ्यास घेतला. परंतु शिक्षणाच्या खर्चासाठीं काम पाहिजे होतें, आणि हातीं विद्या होती ती पियानोची. गायकवृंदास साथ करीत असतां साल्व्हादोर लॉरेल नांवाच्या सिनेटरांनीं त्याचे गुण ओळखले व शिष्यवृत्ति देऊन त्यास संगीताकडे वळविलें. आईची इच्छा मोडली, हें खरें. पालकांची काळजी व मुलाचा ओढा ह्यांमध्यें निवाडा देण्याचें धैर्य इतकीं वर्षें शिकवूनहि आम्हांस आलेलें नाहीं.

"रामा, हारि" चीं पदें कवि बिएनव्हेनिदो लुंबेरा यांचीं आणि नृत्यरचना ॲलिस रेयेस यांची. आपल्या रंगभूमीवर किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, म्हणजे १८८० पासून, नट स्वतः बोलतो आणि स्वतःच गातो. येथें मात्र प्रत्येक मुख्य भूमिका दोघांची आहे: एक गातो, दुसरा नाचतो. पहिल्या प्रयोगांत बासिल वाल्देस यांनीं रामाचीं व कू लेदेस्मा यांनीं सीतेचीं गाणीं म्हटलीं. हीं दोघेंहि त्या काळचीं लोकप्रिय गायक. हिंदुस्थानी रागदारीचा आव संगीतकारानें आणला नाहीं, हें आम्हांस फार योग्य वाटतें. कारण रामकथा त्या बेटांना सर्वस्वी परकी नाहीं. मिंदानाओ बेटावरील मारानाओ नांवाच्या मुसलमान लोकांत "महाराडिया लावाना" ही रावणाची कथा परंपरेनें चालत आली आहे.

गाणें आणि नाटक ह्यांची सांगडहि तेथें जुनी. स्पॅनिश लोकांनीं आणलेल्या "सार्सुएला" ह्या संगीत नाटकास स्थानिक लेखकांनीं आपल्या भाषेंत घेतलें; सेव्हेरिनो रेयेस यांचें "वालांग सुगात" (१९०२) हें त्यांतील प्रसिद्ध नाटक. ह्याच वाटेनें पुढें कायाब्याब होसे रिसाल यांच्या दोन कादंबऱ्यांकडे वळले. "एल फिलिबुस्तेरिस्मो" १९९१ मध्यें व "नोली मे तांगेरे" १९९५ मध्यें रंगभूमीवर आलें. म्हणजे उत्तरार्ध आधीं आणि पूर्वार्ध मागून. दुसऱ्या नाटकाचीं पदें पुन्हां लुंबेरा यांचीं.

"नोली मे तांगेरे" हे लॅटिन शब्द योहानाच्या शुभवर्तमानांतील आहेत; पुनरुत्थानानंतर प्रभूनें मग्दालीया मरीयेस आपणांस शिवूं नये म्हणून सांगितलें, तो हा प्रसंग. आणि तरी ह्या कादंबरींत स्पॅनिश धर्मगुरूंच्या जुलमाचें उघड चित्र आहे. १८९६ सालीं रिसाल यांस गोळ्या घालून मारण्यांत आलें. ख्रिस्ती शाळेच्या अंकांत हें लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. झांकून ठेवण्याचाच संकोच वाटला असता.

त्या कथेंत सिसा नांवाची एक गरीब आई आहे. तिचीं दोन मुलें देवळांत चाकरीस असतात. त्यांजवर चोरीचा आळ येतो, एक मुलगा नाहींसा होतो आणि आई वेडी होऊन मुलांचीं नांवें घेत रानोमाळ भटकते. अशा स्त्रीच्या मुखीं गाणें घालणें अवघड आहे. चाल फार गोड झाली तर प्रेक्षक टाळ्या वाजवील आणि सिसेस विसरेल. फार कठोर झाली तर तो ऐकणारच नाहीं. आईवेगळ्या वाढलेल्या संगीतकारानें हें काम पत्करिलें, ह्याचें आम्हांस विशेष वाटतें.

ह्या दोहोंपूर्वीं १९८८ मध्यें "केटी!" हें नाटक झालें. अमेरिकन अमदानींतील "बोदाबिल" खेळांत गाणाऱ्या केटी दे ला क्रूस हिचें तें चरित्र. २०१८ सालीं कायाब्याब यांस राष्ट्रीय कलावंत ही पदवी मिळाली. "रामा, हारि" २०१२ मध्यें मनिलांत पुन्हां उभें राहिलें. तेव्हां त्या नाटकास बत्तीस वर्षें झालीं होतीं.