कोलंबियातील चर्चावर्ग आणि आपली मुले

डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशात शिकले, हे आपल्या वस्तीतील लहान मूलही सांगते. पदव्या तर तोंडपाठ असतात. परंतु ते तेथे नेमके काय शिकले आणि कसे शिकले, असे आम्ही वर्गात विचारले की शांतता पसरते. प्रस्तुत लेखात एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

4 जून 1913 रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावयाचा आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची सेवा करावयाची, अशी अट होती. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्र 29, इतिहास 11, समाजशास्त्र 6, तत्त्वज्ञान 5, मानववंशशास्त्र 4, राज्यशास्त्र 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन प्रत्येकी एक. शाळेत ज्याला संस्कृत नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली, त्या विद्यार्थ्याने विषय निवडण्याची मोकळीक मिळताच मांडलेले हे ताट आहे.

यांतील मानववंशशास्त्राचे चार अभ्यासक्रम आम्हांला विशेष महत्त्वाचे वाटतात. डॉ. अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात 9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. (तो दिवस आपल्या शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, म्हणून बहुधा स्मरणातून निसटतो.) चर्चावर्ग म्हणजे व्याख्यान नव्हे. तेथे विद्यार्थी स्वतः लिहिलेले वाचतो आणि इतरांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. प्राध्यापकही श्रोताच असतो.

पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने मांडलेला विचार असा. जातीचा गाभा म्हणजे जातीतच विवाह करण्याचे बंधन. हे बंधन टिकवावयाचे तर गटातील विवाहयोग्य स्त्रीपुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. पती मरण पावला की स्त्री ‘अतिरिक्त’ ठरते. पत्नी गेली की पुरुष. त्या स्त्रीला चितेवर चढविणे किंवा सक्तीचे वैधव्य लादणे, आणि त्या पुरुषासाठी अजून वयात न आलेली मुलगी शोधणे, हे त्यावरचे उपाय. सती, केशवपन झालेली विधवा आणि बालवधू या वेगवेगळ्या रूढी नव्हेत, तर एकाच यंत्राची चाके आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. रिस्ले, नेसफिल्ड, सेनार यांच्या व्याख्या त्यांनी तपासल्या. श्रीधर व्यंकटेश केतकरांचीही तपासली. पुढे मराठी ज्ञानकोश रचणारे केतकर त्याच न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते आणि जातिसंस्थेवरील त्यांचे पुस्तक 1909 साली प्रसिद्ध झाले होते. मिश्रविवाहास बंदी आणि जन्माने सदस्यत्व ही केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे वस्तुतः एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत, हा बाबासाहेबांचा आक्षेप. 1917 च्या मे महिन्यात हा निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला.

आता आजच्या काळाकडे वळू. आपल्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. परंतु 2022 च्या केंद्रीय नियमावलीत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. भारताचा अभ्यास भारतातच व्हावा, असे त्यामागील म्हणणे. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहोत. हे म्हणणे आम्हांला पटत नाही. ब्रिटिश अमदानीचे इंडिया ऑफिसचे दप्तर आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि असा नियम 1913 साली असता तर? बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध प्राचीन भारतीय व्यापारावर, पीएच.डी.चा ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर, चर्चावर्गातील निबंध जातीवर. त्यांतील किती लेखन शिष्यवृत्तीच्या चाळणीतून खाली उतरले असते, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दोष केवळ नियमांचा नाही. मुलगी समाजशास्त्र, चित्रकला किंवा लेखन शिकण्यासाठी परदेशी जाऊ इच्छिते म्हटले की आपल्याच घरांतून पहिला प्रश्न येतो, ‘त्याने पोट भरेल का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांच्या हातांवरील घट्टे आम्ही पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. तरीही अभियांत्रिकीच्या अर्जाशेजारी दुसरा एक अर्ज ठेवून पाहावा, अशी आमची विनंती आहे.

आम्ही नववीच्या वर्गात असा चर्चावर्ग सुरू केला. एकाने आपल्या गावावर निबंध वाचावयाचा, इतरांनी किमान तीन प्रश्न विचारावयाचे. पहिल्या दोन आठवड्यांत कोणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका मुलाने गावच्या विहिरीचे सुरेख वर्णन वाचले. मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, “सर, याने विहीर किती खोल ते लिहिलंय. पाणी कोण भरायचं ते नाही लिहिलं.” मुलाने वही मिटली. पुढच्या आठवड्यात आजीला विचारून तो सहा पाने लिहून घेऊन आला.