लेन्सची किंमत आणि लेन्सचा खर्च

छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्याच्या भांडवलात कॅमेऱ्यापेक्षा लेन्सचा वाटा अनेकदा मोठा असतो. कॅमेरा चार-पाच वर्षांत मागे पडतो. चांगली लेन्स नीट सांभाळली तर त्याच्या दुप्पट काळ काम देते. साहजिकच पहिली मोठी लेन्स घेताना ग्राहक पेचात सापडतो. हाती असलेल्या रकमेत कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचीच उच्च श्रेणीतील लेन्स मिळते, पण वापरलेली. किंवा सिग्मा, टॅमरॉन अशा त्रयस्थ उत्पादकाची लेन्स मिळते, कोरी आणि बिलासह. मुंबईच्या बोरा बाजारात किंवा दिल्लीच्या कूचा चौधरी बाजारात एका फेरीत दोन्ही पाहता येतात. दुकानदार किंमत सांगतो. खर्च मात्र ग्राहकाला स्वतःच काढावा लागतो, आणि किंमत व खर्च या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

त्रयस्थ उत्पादक म्हणजे नकलाकार, हा समज अद्याप पुष्कळांच्या मनात आहे. तो आता काढून टाकावा. टॅमरॉनची स्थापना १९५० मधील, सिग्माची १९६१ मधील. दोन्ही जपानी कंपन्या लेन्सनिर्मितीत मुरलेल्या आहेत. या समजाला पूर्वी कारण होते, हेही खरे. कॅमेरा आणि लेन्स यांच्यात विजेच्या संकेतांनी जो संवाद चालतो, त्याचा तपशील कॅमेरा-कंपन्या बाहेर देत नसत. त्रयस्थ उत्पादक तो अंदाजाने उलगडत आणि पुढे नवा कॅमेरा आला की जुनी लेन्स त्यावर अडून बसे. सोनीने २०११ मध्ये आपल्या ई-माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना विनाशुल्क खुली केली, तेव्हापासून त्या माउंटपुरते चित्र पालटले. टॅमरॉनच्या भागधारकांत सोनीचे नाव बराच काळ राहिले आहे, हे बँकेच्या वाचकांना विशेष रंजक वाटेल.

एक नेमके उदाहरण

समजा, इंदूरमधील एका विवाह-छायाचित्रकाराकडे सोनीचा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा आहे. त्याला एफ २.८ अ‍ॅपर्चरची सर्वोपयोगी झूम लेन्स हवी आहे. त्याच्यासमोर दोन पर्याय आहेत. पहिला, सोनीची २४-७० मिमी जी मास्टर, २०१६ मध्ये आलेली पहिली आवृत्ती. तिची दुसरी आवृत्ती २०२२ मध्ये आली आणि अनेकांनी ती घेण्यासाठी पहिली विकायला काढली. दुसरा पर्याय, टॅमरॉनची २८-७५ मिमी, २०२१ मधील दुसरी पिढी, नवी.

सोनीच्या लेन्सचे वजन ८८६ ग्रॅम, टॅमरॉनचे ५४० ग्रॅम. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या पाठवणीपर्यंत कॅमेरा हातात धरणाऱ्याच्या मनगटाला हा फरक समजतो. उलट २४ आणि २८ मिमी हे आकडे कागदावर जवळचे दिसले तरी पहिल्यात सुमारे ८४ अंशांचे दृश्य मावते, दुसऱ्यात सुमारे ७५ अंशांचे. अरुंद मांडवात भिंतीला पाठ लावून तीस नातलगांचा समूह टिपताना कडेचे मामा-मामी चौकटीबाहेर राहतात ते याच नऊ अंशांमुळे. सोनीच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांवर त्रयस्थ लेन्स लावल्यास सलग छायाचित्रांचा वेग सेकंदाला १५ वर मर्यादित होतो. क्रिकेट टिपणाऱ्याला ते खटकेल, विवाहात त्याने काही बिघडत नाही. राहिला प्रश्न प्रतिमेच्या स्पष्टतेचा. या दोन लेन्समधील फरक अल्बमच्या पानावर ग्राहकाच्या डोळ्यांना दिसेल इतका उरलेला नाही. तेव्हा निर्णय काचेपेक्षा हिशेबावर होणार.

हिशेबासाठी आकडे गृहीत धरू. बाजारभाव शहरागणिक आणि महिन्यागणिक बदलतात. वापरलेली सोनी ८५,००० रुपयांना मिळाली आणि तीन वर्षांनी ६५,००० ला विकली गेली, तर घट २०,००० रुपयांची. जुन्या वस्तूच्या दुरुस्तीसाठी तीन वर्षांत १२,००० रुपयांची तरतूद धरली, तर खर्च ३२,००० झाला. नवी टॅमरॉन ८०,००० ची आणि तीन वर्षांनी ४५,००० ला विकली गेली, तर खर्च ३५,०००. नव्या वस्तूची किंमत खोका उघडताच उतरते. वापरलेल्या वस्तूची ती उतरण पहिल्या मालकाने आधीच सोसलेली असते. वर्षाला वीस विवाह या प्रमाणे तीन वर्षांत साठ विवाह झाले, तर एका विवाहामागे सोनीचा खर्च सुमारे ५३३ रुपये पडतो आणि टॅमरॉनचा ५८३. पन्नास रुपयांच्या या फरकासाठी लोक महिनोन्‌महिने घोळ घालतात.

हा हिशेब मात्र एका ठिकाणी फसवा आहे. दुरुस्तीचे १२,००० रुपये ही सरासरी आहे. प्रत्यक्षात कोणालाही सरासरी खर्च येत नाही. एकाला तीन वर्षे काहीच लागत नाही, तर दुसऱ्याची फोकसची मोटर ऐन हंगामात बंद पडते आणि त्याच्यासमोर एकदम मोठ्या रकमेचे अंदाजपत्रक येते. त्यात सुटा भाग येईपर्यंतचे दिवस धरावे लागतात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की विवाह-छायाचित्रकाराची वर्षाची बरीचशी कमाई ठरावीक तारखांवर उभी असते, आणि अंतरपाट दूर होण्याचा क्षण दुसऱ्यांदा टिपता येत नाही. नव्या लेन्सही बिघडतात. पण वॉरंटीच्या काळात दुरुस्तीचा खर्च उत्पादकाकडे असतो आणि चालू उत्पादनाचे भाग मिळतात. उत्पादन थांबलेल्या लेन्सची दुरुस्ती कंपन्या काही वर्षांनंतर स्वीकारीनाशा होतात. म्हणून ज्याच्याकडे दुसरी तोडीची लेन्स नाही आणि ज्याचा चरितार्थ याच लेन्सवर चालणार आहे, त्याने विवाहामागे पन्नास रुपये अधिक मोजून नवी घ्यावी. ही रक्कम विम्याच्या हप्त्यासारखी समजावी.

ग्राहक जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर हिशेब नव्या लेन्सकडे आणखी झुकतो. १८ टक्के दराने ८०,००० रुपयांच्या बिलात सुमारे १२,२०० रुपये कर असतो. व्यवसायासाठी घेतलेल्या लेन्सवर त्याचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळते आणि खरेदीचा भार सुमारे ६७,८०० वर येतो. खासगी व्यक्तीकडून घेतलेल्या लेन्सवर असे काही मिळत नाही. दोन पथ्ये मात्र पाळावीत. ज्या कराचे क्रेडिट घेतले, त्या रकमेवर पुन्हा घसारा लावता येत नाही. तसेच पुढे नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून लेन्स विकताना कराची जबाबदारी येते, त्यामुळे आजचा सगळा लाभ अखेरपर्यंत टिकत नाही. करसल्लागाराला हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलेला बरा.

वापरलेली लेन्स पारखताना

एवढे वाचून वापरलेली लेन्स त्याज्य ठरते असे नाही. पारख असलेल्यासाठी ती फार चांगली खरेदी आहे, आणि ही पारख शिकता येण्याजोगी आहे.

आपल्या हवामानात पहिली शंका बुरशीची घ्यावी. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नई येथून आलेल्या लेन्सबाबत तर विशेष. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की काचेवर बुरशी धरू लागते. तिच्या आम्लाने काचेवरील लेप कोरला जातो. मग बुरशी पुसली तरी डाग राहतो. चातुर्मासात विवाहाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे नेमक्या पावसाळ्यात लेन्स महिनोन्‌महिने बॅगेतून बाहेर निघत नाही, आणि दिवाळीच्या सुमारास तीच विक्रीला येते. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवावे आणि मागील बाजूने छोट्या विजेरीचा प्रकाश तिरपा सोडून पुढून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. दुधट धुके दिसले तर आतल्या काचांवर तेलकट थर आला आहे किंवा काचांची चिकटवण सुटत आहे. या दोन्हींपैकी काही आढळल्यास किमतीची घासाघीस न करता उठावे. धुळीचे चार कण मात्र कोणत्याही लेन्समध्ये असतात. त्यांचे छायाचित्रात काही उमटत नाही आणि त्यांच्या नावाने भाव पाडणे विक्रेत्यालाही कळते.

पुढच्या काचेवरील बारीक ओरखडा दिसतो वाईट, पण त्रास कमी देतो; मागच्या काचेवरील तेवढाच ओरखडा अधिक घातक असतो. माउंटच्या धातूच्या कड्याजवळचे स्क्रू पाहावेत. त्यांची डोकी खरवडलेली असतील तर लेन्स कोणीतरी उघडली आहे, आणि ती कोणी व कशासाठी उघडली हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. झूमची कडी सर्व टप्प्यांतून सारख्या दाबाने फिरली पाहिजे. लेन्स कधी आपटली होती का, हे वर्तमानपत्राचे पान सांगते. पान भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा त्याला समांतर ठेवावा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून छायाचित्र घ्यावे. चार कोपऱ्यांपैकी एकाच कोपऱ्यातील अक्षरे विरघळलेली दिसली, तर आतील एखादी काच जागेवरून सरकलेली आहे. अशी चाचणी स्वतःच्या कॅमेऱ्यावर घ्यावी, विक्रेत्याच्या नव्हे, आणि परतीसाठी निदान आठवडाभराची मुदत लेखी मागावी. मुदत देण्यास नकार मिळाला, तरी त्यातून एक माहिती मिळतेच.

कागदपत्रांबाबत ग्राहक सर्वाधिक सैल असतो. मूळ बिलावरील क्रमांक आणि लेन्सवर कोरलेला क्रमांक जुळलाच पाहिजे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ मधील तत्त्व असे आहे की सर्वसाधारणपणे विक्रेत्याजवळ जेवढा हक्क असतो त्याहून अधिक चांगला हक्क खरेदीदाराला मिळत नाही. लेन्स चोरीची निघाली, तर पूर्ण मोबदला दिलेला असूनही ती मूळ मालकाकडे जाते. चोरीची आहे हे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना ती घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ चा प्रश्न येतो. म्हणून रक्कम रोखीने न देता खात्यातून वा यूपीआयने द्यावी आणि लेन्सचा क्रमांक, तारीख, दोघांच्या सह्या असलेली पावती घ्यावी. नव्या लेन्सबाबतही बिल भारतातील अधिकृत विक्रेत्याचे आहे ना, हे पाहावे. ग्रे मार्केटमधून आलेली लेन्स नवी असली तरी येथे वॉरंटीविना पडते; मग ज्या कारणासाठी नवी घेतली तेच कारण उरत नाही.

कर्ज आणि शाखा

कर्ज घेऊन खरेदी करायची असेल तर दोन पर्यायांतील अंतर वाढते. प्रधानमंत्री मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्यात ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात त्यापुढे ५ लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळू शकते. शाखेला साधारणतः विक्रेत्याचे कोटेशन लागते, रक्कम थेट विक्रेत्याच्या खात्यात जाते आणि घेतलेली वस्तू बँकेकडे नजरगहाण राहते. कोण्या व्यक्तीने बॅगेतून काढून दाखवलेल्या लेन्सचे कोटेशन नसते. तिचे मूल्य ठरवणे अधिकाऱ्यालाही अवघड जाते. ८०,००० च्या लेन्ससाठी ६४,००० रुपयांचे कर्ज ११ टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले असे धरल्यास हप्ता सुमारे २,०९५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे ११,४०० रुपये. स्वतःच्या पैशातून लेन्स घेणाऱ्याने आपला वित्तखर्च शून्य धरू नये. मोडलेल्या मुदत ठेवीचे बुडालेले व्याज हाही खर्चच आहे, कर्जाच्या व्याजाहून काहीसा कमी इतकेच. हप्त्यांची आखणी करताना चातुर्मासातील रिकामे महिने अर्जातच नमूद करावेत. विवाह-व्यवसायाच्या उत्पन्नाचा हा चढउतार शाखेने विचारात घेण्याजोगा आहे.

कॅनन आणि निकॉनच्या ग्राहकांसमोर प्रश्न थोडा वेगळा आहे. दोन्ही कंपन्यांनी २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे फुल-फ्रेम माउंट आणले, तेव्हापासून त्यांच्या जुन्या डीएसएलआरच्या उत्तमोत्तम लेन्स वापरलेल्या बाजारात उतरल्या. कॅननच्या आरएफ माउंटसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्सची घोषणा व्हायला एप्रिल २०२४ उजाडले, आणि सुरुवातही लहान सेन्सरच्या लेन्सनी झाली. त्यामुळे कॅननच्या फुल-फ्रेम ग्राहकाला कंपनीच्याच अ‍ॅडॉप्टरवर जुनी ईएफ लेन्स लावणे हा खरोखरीचा स्वस्त मार्ग ठरला. ऑटोफोकस त्यावर चांगला चालतो. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये मात्र फोकसची मोटर नाही. १९५९ पासूनच्या एफ-माउंटच्या परंपरेतील ज्या लेन्स कॅमेऱ्यातील मोटरवर फिरत, त्या त्यावर बसतात, पण फोकस हातानेच करावा लागतो. दुकानात ‘बसते ना?’ एवढेच विचारणाऱ्याची येथे फसगत होते.

हौशी छायाचित्रकाराचे गणित याहून सोपे आहे. निवृत्तीनंतर भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्या ग्राहकाची लेन्स महिनाभर दुरुस्तीला गेली, तर त्याचे एक-दोन रविवार जातात, उत्पन्न जात नाही. त्याच्याजवळ पारखायला वेळ असतो. अशा ग्राहकाने निःशंक मनाने वापरलेली उच्च श्रेणीची लेन्स घ्यावी. न आवडल्यास ती जवळजवळ घेतलेल्या भावाला विकली जाण्याचा संभव असतो. मात्र सोबत आलेल्या चामड्याच्या डब्यात ती पावसाळाभर ठेवू नये, कारण चामडे ओलावा धरून ठेवते. लेन्स ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणाऱ्या विजेच्या कपाटात ठेवावी. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी, आणि जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत.