जुन्या जमीनपत्रांतील कठीण शब्द

वाचकहो, परभणी जिल्ह्यांत पुष्कळ घरीं जमिनीचे जुने कागद पेटींत जपून ठेविलेले असतात. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. तेथील कारभाराची भाषा आधीं फारसी व पुढें उर्दू झाली. म्हणून त्या भाषांतले शब्द मराठी कागदांतही राहून गेले. उर्दू लिपींत ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहींत, आणि मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. यास्तव शब्द ठाऊक असल्यावांचून तो नीट वाचतां येत नाहीं. गांवांत ज्याला चार अक्षरें येतात त्याजकडेच शेजारी आपला कागद घेऊन येतो. त्याच्या उपयोगासाठीं आम्ही येथें कांहीं शब्द देतों.

१. फसली. 'फसणें' या क्रियापदाशीं याचा संबंध नाहीं. अरबी 'फस्ल' म्हणजे पीक किंवा हंगाम. त्यावरून हा सारावसुलीचा सन. 'फ' म्हणतांना ओठ मिटूं नये. खालचा ओठ वरच्या दांतांस लावावा. हैदराबादेंत हा सन आक्टोबरांत सुरू होई. त्यांत ५९० मिळवावे, म्हणजे तो ज्या इसवी सनांत सुरू झाला तो निघतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८.

२. पट्टेदार. ज्याचें नांव सरकारदप्तरीं आहे व जो सारा भरण्यास जबाबदार आहे तो.

३. शिकमीदार आणि असामी शिकमी. हे शब्द 'शिकणें' यावरून आले नाहींत. फारसींत 'शिकम' म्हणजे पोट; आपण 'पोटकूळ' म्हणतों तसेंच हें. परंतु १३१७ फसलीच्या हैदराबाद जमीन महसूल कायद्यांत यांचे अर्थ निराळे आहेत. शिकमीदार हा पट्टेदाराबरोबर जमिनीचा हक्कदार. असामी शिकमी हें केवळ कूळ. दोहोंस नुसतें 'शिकमी' म्हणून वाचलें, तर सख्ख्या भावाचा वांटा कुळाचा समजला जाईल.

४. मदतमाश आणि खिदमतमाश. मूळ शब्द 'मआश', म्हणजे उपजीविका. शेवटीं 'श' स्पष्ट म्हणावा. 'मास' म्हटल्यास महिना असा अर्थ होतो. मदतमाश ही कोणाच्या निर्वाहासाठीं दिलेली इनाम जमीन. खिदमत म्हणजे सेवा. देऊळ, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठीं दिलेली ती खिदमतमाश. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यांतून धार्मिक व धर्मादाय संस्थांचीं इनामें वगळलीं आहेत. तेव्हां या दोहोंतील एका शब्दाच्या फरकानें जमिनीला लागू होणारा नियमच बदलतो. अशी जमीन घेण्यापूर्वीं तहसील कचेरींत अवश्य चौकशी करावी.

बंधूंनो, अडलेला शब्द अंदाजानें वाचूं नये. ठाऊक नाहीं असें सांगण्यांत कमीपणा नाहीं. उर्दू जाणणाऱ्या वडील मनुष्याकडून तो उच्चारून घ्यावा, अर्थ विचारावा, आणि अर्थ कळेपर्यंत कोणाला सही किंवा आंगठा करूं देऊं नये.